नववा मजला आणि कुलूपबंद दार: न्यूयॉर्क, २५ मार्च १९११

माहेरवाशीण (जर्सी सिटी)

या पंचवीस मार्चला सकाळी मी न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडजवळ एका जुन्या इमारतीपुढे उकिडवी बसले आणि फुटपाथवर गुलाबी खडूने एक नाव लिहिलं. केट लिओन, वय १४. खाली तारीख, आणि ती कशी गेली ते. लोक वळसा घालून जात होते. एका आजींनी थांबून विचारलं, तुझी कोण लागते? मी म्हटलं, कोणी नाही. पण ते म्हणताना जीभ अडखळली. ती का अडखळली हे सांगायला हा धागा.

२००४पासून दर वर्षी या दिवशी इथले लोक गल्लोगल्ली जाऊन, १९११मध्ये ट्रँगल नावाच्या कपड्यांच्या कारखान्याच्या आगीत गेलेल्या १४६ जणांची नावं त्यांच्या घरांपुढे खडूने लिहितात. ती माणसं जिथे राहत होती त्याच पत्त्यांवर. पाऊस आला की नावं जातात आणि पुढच्या वर्षी परत लिहितात.

तो शनिवार होता. वॉशिंग्टन स्क्वेअरला लागून ॲश बिल्डिंग नावाची दहा मजली इमारत, अजून उभी आहे, विद्यापीठाचे वर्ग भरतात तिच्यात. वरचे तीन मजले ट्रँगल शर्टवेस्ट कंपनीचे. शर्टवेस्ट म्हणजे पुरुषी शर्टाच्या धर्तीचा बायकांचा ब्लाउज. ऑफिसात टायपिंग करणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या, दुकानात उभं राहणाऱ्या मुलींच्या अंगावर तेव्हा तोच असायचा. घराबाहेर पडून कमावणाऱ्या नव्या बाईचा तो कपडा. आणि तो शिवणाऱ्याही मुलीच. बहुतेक रशियातून आलेल्या ज्यू नाहीतर दक्षिण इटलीतल्या, सोळा ते तेवीस वयाच्या.

सुटीला पाचच मिनिटं होती. आठव्या मजल्यावर कटिंगच्या टेबलाखाली चिंध्यांची पेटी असे, तिने पेट घेतला. नळी ओढली तर पाणी आलं नाही. आठव्या मजल्यावरून दहाव्यावर मालकांच्या ऑफिसात फोन गेला, आणि तिथले जवळपास सगळे गच्चीवर चढले. शेजारच्या इमारतीतून कायद्याच्या विद्यार्थ्यांनी शिड्या टाकून त्यांना वर घेतलं. मधल्या नवव्या मजल्याला कोणी कळवलंच नाही. तिथल्या मुलींना आग दिसली तीच खिडकीबाहेर.

नवव्या मजल्याला दोन जिने होते. एक ज्वाळांनी अडवला. दुसऱ्याच्या, वॉशिंग्टन प्लेसच्या बाजूच्या, दाराला कुलूप होतं. कारण सुटताना सगळ्यांनी एकाच दाराने, पर्स उघडून दाखवत, एकेक करून बाहेर पडायचं. ब्लाउजाचा एखादा तुकडा कोणी पळवू नये म्हणून. मागचा लोखंडी जिना माणसांच्या भाराने वाकला आणि कोसळला. जोसेफ झिटो आणि गॅस्पर मॉर्टिलो हे दोन लिफ्टवाले धुरात फेऱ्या मारत राहिले, जमतील तेवढ्यांना खाली आणत राहिले. बंब वेळेवर आले होते. शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होती.

१२३ बायका-मुली आणि २३ पुरुष गेले.

आता जीभ का अडखळली ते. माझी आई मुंबईत एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात अकरा वर्षं धागे कटिंगला होती. शिवून आलेल्या शर्टाचे लोंबते धागे छोट्या कात्रीने कापायचे, नगावर पैसे. तिच्या उजव्या अंगठ्याला पडलेला घट्टा अजून आहे. गाळ्याच्या मागच्या दाराला कुलूप, किल्ली सुपरवायझरच्या खिशात. एक्स्पोर्टचा माल जायचा असला की रात्री दहापर्यंत थांबवत आणि पुढचं शटर अर्ध्यावर ओढून घेत. सुटताना जेवणाचा डबासुद्धा उघडून दाखवायचा. एकदा मीटरच्या बोर्डातून ठिणग्या उडाल्या. सगळ्या बायका त्या अर्ध्या शटरखालून वाकून बाहेर आल्या, म्हणून मला आई आहे. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा कामाला गेली आणि कुलूप तिथेच होतं.

ट्रँगलवर इंग्रजीत खूप लिहिलंय आणि बहुतेक ठिकाणी गोष्ट अशी सांगतात की आग लागली, समाज हादरला, कायदे झाले. मला ही मांडणी पटत नाही. आग तर आधीही लागायची. माझ्या घरापासून जवळच नेवार्कला नोव्हेंबर १९१०मध्ये अशाच कारखान्याला आग लागून पंचवीसच्या आसपास बायका गेल्या होत्या. तेव्हा न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचे प्रमुख एडवर्ड क्रोकर यांनी बजावलंही होतं की आपल्या शहरात हे व्हायला वेळ लागणार नाही. चार महिन्यांत झालं.

ट्रँगलच्या बाबतीत फरक पडला तो आगीच्या आधीच्या दोन वर्षांनी. २२ नोव्हेंबर १९०९ला कूपर युनियन या कॉलेजच्या सभागृहात कपडे शिवणाऱ्या मुलींची सभा भरली होती. मोठमोठे पुढारी दोन तास बोलत होते, सबुरीने घ्या, विचार करून पाऊल टाका. तेवढ्यात क्लारा लेमलिच नावाची तेवीस वर्षांची मुलगी उठली आणि बोलायला वेळ मागितला. थोड्याच आठवड्यांपूर्वी पिकेटिंग करताना, म्हणजे कारखान्यापुढे धरणं धरताना, भाडोत्री गुंडांनी तिच्या बरगड्या मोडल्या होत्या. तिने यिडिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत, सांगितलं की भाषणं ऐकून मी कंटाळले, सरळ संपाचा ठराव मांडते. सभागृहाने हात वर करून शपथ घेतली आणि पुढच्या काही दिवसांत वीस हजारांवर मुली रस्त्यावर आल्या. ऐन हिवाळ्यात, पातळ कोटात, पोलिसांच्या लाठ्या खात. फेब्रुवारी १९१०पर्यंत शेकडो कारखानदारांनी करार केले. ट्रँगलच्या मालकांनी युनियन शेवटपर्यंत मानली नाही.

म्हणजे आग लागली तेव्हा या मुली शहराला अनोळखी नव्हत्या. ज्या पोरी बर्फात उभ्या राहून मार खात होत्या, त्याच आता फुटपाथवर पडल्या होत्या. शहराने त्यांना ओळखलं.

कारखान्यांत, कोर्टात, युनियनमध्ये वावरलेले बरेच जण इथे आहेत. तुम्हीही लिहा.

रानजाई

ताई, वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. माझी मावशी भिवंडीला अशाच कामाला होती. एक विचारते, मालकांना शिक्षा किती झाली?

अस्मिता_वकील

रानजाई, शिक्षा झालीच नाही. हा खटला मी विद्यार्थ्यांना दर वर्षी शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मॅक्स ब्लँक आणि आयझॅक हॅरिस हे दोघे मालक. डिसेंबर १९११मध्ये त्यांच्यावर सदोष मनुष्यवधाचा खटला चालला. सरकारी पक्षाने ढिगाऱ्यातून सापडलेलं जळकं कुलूपच कोर्टात ठेवलं, त्याची जीभ बाहेर आलेली, म्हणजे बंद अवस्थेतलं. याहून चांगला पुरावा सहसा हाती लागत नाही.

बचावाचे वकील मॅक्स स्टूअर, स्वतः लहानपणी स्थलांतरित म्हणून आलेले, कपड्याच्या कारखान्यात काम केलेले. केट आल्टरमन ही वाचलेली मुलगी साक्षीला आली. तिची मैत्रीण मार्गारेट श्वार्त्झ त्या दाराशी कशी गेली ते तिने सांगितलं. स्टूअरनी तिला तीच हकिगत पुन्हा सांगायला लावली. मग पुन्हा. दर वेळी शब्द जवळजवळ तेच आले. त्यांनी ज्यूरीच्या, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाच्या, मनात एवढंच पेरलं की ही मुलगी पाठ करून आलीय.

यावर मला तळमळून सांगावंसं वाटतं. परक्या भाषेत साक्ष देणारी मुलगी, जिने ते दृश्य नऊ महिने रोज डोळ्यांपुढे पाहिलंय, ती दुसऱ्या शब्दांत कशी सांगेल? अजून आमच्या कोर्टांत हे होतं. साक्षीदार बाई एकसारखं बोलली तर पढवलेली आणि वेगळं बोलली तर विसंगत.

न्यायाधीशांनी ज्यूरीला सांगितलं की दाराला कुलूप होतं एवढं पुरेसं नाही, त्या क्षणी कुलूप आहे हे मालकांना ठाऊक होतं हे सिद्ध व्हायला हवं. दोन तासांच्या आत दोघे निर्दोष सुटले. १९१४मध्ये दिवाणी दाव्यांत तडजोड झाली, दर मृतामागे ७५ डॉलर. विम्यातून मालकांना नुकसानापेक्षा जे जास्त मिळालं होतं, ते दर मृतामागे साधारण ४०० डॉलर पडतं. आणि १९१३मध्ये ब्लँक पुन्हा सापडले, दुसऱ्या जागेत, कामाच्या वेळी दाराला साखळी लावलेली. दंड वीस डॉलर.

हे सगळं वाचून कायद्यावरचा विश्वास उडतो असं विद्यार्थी म्हणतात. मी त्यांना दुसरी बाजू दाखवते. फौजदारी कायदा मालकाच्या मनात काय होतं ते शोधत बसला आणि हरला. त्यानंतर आलेल्या कायद्याने मनात काय होतं हे विचारलंच नाही. दार उघडं आहे की नाही, एवढंच विचारलं.

फॅक्टरीकाका (नाशिक)

अस्मिताताईंनी शेवटच्या ओळीत माझं सबंध आयुष्य सांगितलं. मी राज्य सरकारच्या सेवेत कारखाना निरीक्षक होतो, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली.

आमच्या १९४८च्या कारखाने कायद्यात, मूळच्या ३८व्या कलमात, आगीबद्दल लिहिलेलं होतं की आत माणूस असेपर्यंत बाहेर जायच्या दाराला कुलूप-कडी नको आणि दार बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे. नोकरीला लागलो तेव्हा मला वाटे, बाहेरच्या बाजूला असा आग्रह कशाला? दार ते दार. मग ट्रँगलबद्दल वाचलं. ॲश बिल्डिंगची दारं आत उघडणारी होती. आठव्या मजल्यावर मुलींची गर्दी दारावर अशी रेटली की दार आत ओढायला जागाच राहिली नाही. कायद्यातला प्रत्येक शब्द कोणाच्यातरी मरणाने लिहिलेला असतो, हे मला तेव्हा कळलं.

आगीनंतर न्यूयॉर्क राज्याने कारखाना चौकशी आयोग नेमला. अध्यक्ष रॉबर्ट वॅग्नर, उपाध्यक्ष अल स्मिथ, दोघेही विधिमंडळातले. कामगार पुढारी गॉम्पर्स आणि महिला कामगारांसाठी झटणाऱ्या मेरी ड्रायर सदस्य. पहिल्याच वर्षी त्यांनी १,८३६ कारखाने पाहिले आणि २२२ साक्षीदार ऐकले. आकडा वाचून सोडून देऊ नका. मी महिन्याला किती कारखाने बघू शकत होतो ते मला माहीत आहे.

आणि त्यांना हे बघायला लावलं ते कामगारांसाठी झटणाऱ्या फ्रान्सेस पर्किन्सबाईंनी. आगीच्या दिवशी त्या चौकातच एका ओळखीच्या घरी चहाला गेलेल्या. आरडाओरडा ऐकून धावत आल्या आणि खिडक्यांतून पडणाऱ्या मुली त्यांनी उभ्या राहून पाहिल्या. पुढे आयोगाच्या कामात बाईंची रीत एकच, साहेबांना टेबलावर अहवाल द्यायचा नाही, जागेवर न्यायचं. ऑबर्नला दोरखंडाच्या कारखान्यात दहा तासांची रात्रपाळी संपवून बायका बाहेर पडत होत्या, अल स्मिथला त्या वेळी दाराशी उभं केलं. एका कारखान्यात भिंतीला लहानसं भोक होतं, त्यावर पाटी 'आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा मार्ग'. बाईंनी वॅग्नरसाहेबांना त्या भोकातून सरपटत बाहेर काढलं. पलीकडे बर्फ साचलेली लोखंडी शिडी, आणि तीही जमिनीच्या बारा फूट वर संपलेली.

असा माणूस विधिमंडळात परत गेला की त्याला कोणी सांगू शकत नाही की सगळं ठीक आहे.

माझा एक अनुभव. एका औद्योगिक वसाहतीत कापडाच्या कारखान्यात गेलो. नकाशावर संकटकालीन दार होतं. समोर खोक्यांची थप्पी. ती हलवली तर कुलूप. मी म्हटलं, उघडा. मॅनेजर म्हणाले, किल्ली आत्ता मागवतो. मी घड्याळ हातात धरून तिथेच उभा राहिलो, काही बोललो नाही. किल्ली यायला चौदा मिनिटं लागली. आत साठ बाया कामाला होत्या आणि सगळ्या आमच्याकडे बघत होत्या. त्यातली एक वयस्कर बाई पुढे आली आणि दार उघडल्यावर बाहेर पाऊल टाकून परत आत आली. नुसतं बघायला. ते कुलूप मी जप्तीच्या पंचनाम्यात लिहिलं. त्या चौदा मिनिटांनंतर मी कुठल्याही कारखान्यात कागद आधी बघितले नाहीत, आधी दाराला हात लावला.

गिरणगावचा_नातू

फॅक्टरीकाका, तुम्हाला नमस्कार करावासा वाटतो.

ताई, तुमचा मुद्दा बरोबर आहे पण अर्धा. माझे आजोबा लालबागला गिरणीत साच्यावर होते आणि युनियनमध्ये होते. ते सांगायचे, पुढारी रडताना दिसला की बघ, त्याला कोणाची मतं हवी आहेत. म्हणून मी विचारतो, वॅग्नर आणि स्मिथ हे टॅमनी हॉलचे. टॅमनी म्हणजे न्यूयॉर्क शहर मुठीत ठेवणारी डेमोक्रॅटिक पक्षाची संघटना, आणि तिच्याच राजवटीत पोलीस या मुलींना संपात झोडपत होते. मग दोन वर्षांत असं काय झालं?

मला वाटतं तीन गोष्टी. त्या मुलींना मत नव्हतं, पण भावांना, बापांना होतं. ज्यू वस्त्या समाजवाद्यांकडे सरकत होत्या. १९१४मध्ये त्याच लोअर ईस्ट साइडमधून समाजवादी मायर लंडन काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून गेले. टॅमनीचे प्रमुख चार्ल्स मर्फी कमी बोलणारे पण हिशेबाला पक्के. टॅमनीचा आधार असलेल्या आयरिश मतांवर आता भागत नाही, या नव्या लोकांना काहीतरी द्यावं लागेल, हे त्यांनी ओळखलं.

दुसरी गोष्ट अंत्ययात्रेची. ५ एप्रिलला, धो धो पावसात, लाखो लोक रस्त्यावर होते. इतकी माणसं बघितल्यावर कुठल्याही राजकारण्याला मोजणी करता येते.

आणि तिसरी रोझ श्नायडरमन. २ एप्रिलला मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये शहरातल्या प्रतिष्ठितांनी शोकसभा घेतली. समित्या नेमा, निधी जमवा, असं चाललं होतं. रोझ ही टोप्या शिवणारी, पाच फुटांपेक्षा बुटकी बाई. ती अगदी हळू आवाजात बोलली. तिचा आशय असा की इथे येऊन तुमच्याशी गोडीगुलाबीने बोलले तर या जळालेल्या मुलींशी मी बेइमानी करीन. तुम्हाला आम्ही आजवर अजमावून पाहिलं आणि तुम्ही उणे पडलात. आता कामगारांना कामगारच वाचवतील. सगळं थिएटर गप्प झालं म्हणतात. आजोबांनी ते भाषण वाचलं असतं तर भिंतीवर लावलं असतं.

म्हणून माझं म्हणणं, कायदे कोणाच्या कळवळ्याने झाले नाहीत. मतांनी झाले.

फॅक्टरीकाका (नाशिक)

नातूसाहेब, एक गोष्ट सांगतो आणि निर्णय तुमच्यावर सोडतो. १९१२मध्ये बायकांचे कामाचे तास आठवड्याला ५४वर आणणारं विधेयक अल्बनीत, म्हणजे न्यूयॉर्क राज्याच्या राजधानीत, अडकलं होतं. फळं-भाज्या डबाबंद करणारे कारखाने वगळा, नाहीतर विधेयक पडेल, अशी अट घालून बड्यांनी पेच टाकला होता. पर्किन्सबाईंच्या संघटनेचा अशा सवलतीला विरोध होता, बाईंनी जोखीम घेऊन ती मान्य केली. तरी मतं कमी पडत होती.

टॅमनीचेच 'बिग टिम' सलिव्हन हे रात्रीच्या बोटीने न्यूयॉर्कला निघाले होते. नावाजलेले, बदनामही. बाईंनी त्यांना परत बोलावलं. तो जाडजूड माणूस धक्क्यावरून टेकडी चढून पळत, धापा टाकत सभागृहात आला आणि मत देऊन गेला. आधी ते बाईंना म्हणाले होते, माझी बहीण लहानपणीच कामाला लागली, या मुलींचं काय होतं ते मला माहीत आहे.

मतांचा हिशेब होताच. पण बोटीवरून उतरून पळत येण्याला हिशेब पुरत नाही.

गिरणगावचा_नातू

काका, हे मला माहीत नव्हतं. आधीचं वाक्य थोडं मागे घेतो. मतांनी झाले, आणि ज्यांच्या घरात बहीण कामाला होती त्यांच्यामुळेही झाले.

अस्मिता_वकील

त्या कायद्यांची थोडी नोंद इथे असावी. १९१२पासून पुढच्या दोन-तीन वर्षांत तीसहून जास्त कायदे झाले. प्रत्येक कारखान्याची नोंदणी, उंच इमारतींत छतातून आपोआप पाणी सोडणाऱ्या तोट्या, आगीची रंगीत तालीम, लहान मुलांच्या कामावर बंधनं, बायकांच्या रात्रपाळीला मनाई. हे सगळं एका राज्यापुरतं. पण माणसं तीच वर चढत गेली. अल स्मिथ गव्हर्नर झाले, १९२८मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार. वॅग्नर सिनेटर, १९३५चा युनियनचा हक्क मान्य करणारा कायदा त्यांच्याच नावाने ओळखतात. आणि पर्किन्सबाई १९३३मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री, अमेरिकेतल्या पहिल्या महिला केंद्रीय मंत्री. पद घेण्याआधीच त्यांनी आपली यादी समोर ठेवली होती: किमान वेतन, कामाच्या तासांना मर्यादा, बेकारी विमा, वृद्धांना पेन्शन, बालमजुरी बंद. १९३५ आणि १९३८च्या कायद्यांत त्यातलं बरंचसं आलं. रूझवेल्टच्या 'न्यू डील'चा, म्हणजे त्यांच्या आर्थिक-सामाजिक सुधारणांच्या कार्यक्रमाचा, जन्म २५ मार्च १९११लाच झाला, असं त्या म्हणत.

सिद्धार्थ_नागपूर

फार मोलाचा धागा. दोन गोष्टी लिहितो, एक जोडायला आणि एक टोचायला.

टोचणारी आधी. १९३५च्या, पेन्शन आणणाऱ्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले होते. दक्षिणेतल्या बहुसंख्य कृष्णवर्णीयांची कामं हीच. म्हणजे पेन्शन आली, पण धुणीभांडी करणाऱ्या काळ्या बाईला नाही. आपण ज्याला पुरोगामी पर्व म्हणतो त्याच काळात, १९१३ला, राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या सरकारने वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांत गोऱ्या-काळ्यांच्या बसायच्या जागा वेगळ्या केल्या. १८ ऑगस्ट १९२०ला टेनेसीच्या विधिमंडळाने बायकांच्या मताधिकाराच्या घटनादुरुस्तीला मंजुरी दिली, चोवीस वर्षांच्या हॅरी बर्नने आईची चिठ्ठी खिशात ठेवून मत फिरवलं, ही गोष्ट सगळे आवडीने सांगतात. पण दक्षिणेतल्या काळ्या बाईला मतपेटीपर्यंत खरोखर पोचायला १९६५ उजाडलं.

आणि ताई, तुम्ही जिचं नाव लिहिलंत त्या केट लिओनसारख्या इटालियन घरांना १९२४नंतर अमेरिकेत शिरणं जवळपास अशक्य झालं. नव्या कायद्याने प्रत्येक देशाचा कोटा १८९०च्या जनगणनेवरून दोन टक्के ठरवला. १८९० का, तर इटालियन आणि पूर्व युरोपातले ज्यू मोठ्या संख्येने यायच्या आधीचं वर्ष. मुलींसाठी दार उघडं ठेवा असा कायदा झाला, आणि त्यांच्या बहिणींसाठी बंदरावरचं दार बंद झालं. आपल्या लोकांसाठी तर ते १९१७लाच बंद झालं होतं, आणि १९२३मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की हिंदी माणूस गोरा नाही, त्याला नागरिकत्व नाही.

आता जोडणारी. जुलै १९१३मध्ये बावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला उतरले. कोलंबिया विद्यापीठात १९१६पर्यंत होते. त्यांचे गुरू सेलिग्मन हे उत्पन्नावर चढत्या दराने कर असावा म्हणून लिहिणारे, आणि त्याच १९१३मध्ये सोळाव्या घटनादुरुस्तीने अमेरिकेत आयकर आला. दुसरे गुरू जॉन ड्यूई. बाबासाहेब त्या शहरात होते तेव्हा कारखाना आयोगाचं काम चालू होतं. ट्रँगलचे पंचाहत्तर डॉलर ठरले तेव्हा ते तिथेच होते. नोव्हेंबर १९१५मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पुरुषांनी बायकांच्या मताधिकाराचा प्रस्ताव मतदानात पाडला, तेव्हाही. (दोन वर्षांनी, १९१७ला, तो मंजूर झाला.)

१९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते. १९४६च्या कारखाने दुरुस्ती कायद्याने आपल्याकडे आठवड्याचे तास ५४वरून ४८वर आले. चोपन्न. काकांनी सांगितलेला अल्बनीतला आकडा आणि हा आकडा एकच आहे हे आज या धाग्यामुळे माझ्या लक्षात आलं, आणि अंगावर काटा आला.

रानजाई

सिद्धार्थदादा, बंदरावरचं दार हे वाक्य डोक्यातून जात नाहीये.

ताई, तिथे स्मारक आहे का? पुढच्या वर्षी मुलाकडे येतेय, बघायचं आहे.

माहेरवाशीण (जर्सी सिटी)

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. सिद्धार्थ, तुमची टोचणी रास्त आहे. मी ही गोष्ट फार सरळ रेषेत सांगत होते. नातूभाऊ, मतांचा मुद्दा मान्य. तरी एवढं म्हणेन की क्लारा लेमलिच आणि तिच्या मैत्रिणींनी १९११मध्येच कामकरी बायकांची मताधिकार संघटना काढली होती. भावाबापांच्या मतांवर अवलंबून राहायचं नाही, हे त्यांनाही कळलं होतं.

रानजाई, स्मारक आहे, ऑक्टोबर २०२३मध्ये झालं. इमारतीच्या कोपऱ्यावरून पोलादाची लांब पट्टी खाली उतरते आणि फुटपाथच्या वर दोन बाजूंना वळते. त्या आडव्या पट्टीत नावं आरपार कोरलेली. खाली कमरेच्या उंचीवर काळी चकचकीत फळी आहे. मान वर करून नावं वाचायची गरजच नाही. खाली बघायचं, फळीत आभाळ दिसतं आणि आभाळात नावं. इंग्रजीबरोबर यिडिश आणि इटालियनमध्येही मजकूर आहे. जमलं तर पंचवीस मार्चलाच या. तेव्हा एकेक नाव वाचतात, नावागणिक घंटा वाजते, आणि अग्निशमन दलाची गाडी येऊन शिडी वर चढवते. सहाव्या मजल्यापर्यंत. मग ती तिथेच थांबवून ठेवतात. सगळे वर, तिच्या टोकापासून नवव्या मजल्यापर्यंतच्या रिकाम्या जागेकडे बघत राहतात.

या वर्षी मी तिथून आईला व्हिडिओ कॉल लावला होता. तिला इंग्रजी येत नाही, मी हळू आवाजात सांगत होते. शिडी थांबल्यावर ती म्हणाली, अजून वर घ्या म्हणावं त्यांना. मी म्हटलं, आई, तेव्हा एवढीच पोचत होती, म्हणून एवढीच ठेवतात. ती गप्प झाली. मग विचारलं, त्या पोरी कटिंगच्या का शिलाईच्या?

मी म्हटलं, नवव्या मजल्यावर शिलाईच्या.

म्हणाली, मग धागे कापणाऱ्याही असतील तिथेच.

फॅक्टरीकाका (नाशिक)

असतात. शिलाईच्या मजल्यावरच बसवतात त्यांना, बहुतेक वयाने सगळ्यांत लहान. आईंना माझा नमस्कार सांगा. त्या गाळ्याचं इस्टेट कोणतं ते मला व्यक्तिगत निरोपात कळवा. निवृत्त झालो असलो तरी त्या भागातला सध्याचा निरीक्षक माझ्या हाताखाली शिकलेला आहे. त्याला मागचं दार ढकलून बघायला सांगतो.